छंद, व्यायाम आणि कॅलरींची वही: नव्याने नोंद ठेवणाऱ्यांसाठी

कॅलरींची नोंद ठेवायला सुरुवात केली की जेवणाची बाजू लिहिणे थोड्या सरावाने जमते. दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भाजीत पडलेले तेल, सकाळचा चहा असे लिहिता येते. अडचण येते ती खर्चाच्या बाजूला. गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलण्यात गेलेला तास, संध्याकाळी शिवाजी पार्कला मारलेल्या फेऱ्या, पेटीचा रियाज, सोसायटीच्या आवारातले बॅडमिंटन, गणपतीआधीचा ढोल पथकाचा सराव यांतले काय व्यायाम म्हणून लिहायचे आणि काय सोडून द्यायचे, हे कोणी सांगत नाही. मोबाइलमधले अ‍ॅप मात्र प्रत्येक गोष्टीपुढे एक आकडा दाखवते आणि तो आकडा खरा मानून आपण तेवढे जास्त जेवून बसतो.

परळच्या आमच्या इमारतीत अनेकींनी मला हा प्रश्न विचारला आहे आणि काही वर्षे स्वतःची वही ठेवल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे. एखादी गोष्ट छंद आहे की व्यायाम, हे ठरवण्यात वेळ घालवू नये. त्या गोष्टीसाठी लागणारी ऊर्जा वहीत आधीच कुठे धरली गेली आहे का, एवढे तपासावे. धरली गेली असेल तर ती पुन्हा लिहू नये. धरली गेली नसेल तर ती एकदाच, वजावट करून लिहावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाच्या आहेत.

सुरुवातीलाच एक सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे आणि हालचाल यांत बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण नेहमीपेक्षा जास्त हालचाल झाली की साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, आणि खाण्यासंबंधीच्या मानसिक त्रासातून पूर्वी गेलेल्या व्यक्ती यांनी अशी वही स्वतःच्या मनाने सुरू करूच नये. आकडा चुकला म्हणून रात्रीचे जेवण टाळावेसे वाटू लागले, तर वही त्याच दिवशी बंद करावी.

पहिली पायरी: दोन प्रश्न वेगळे करा

‘हा व्यायाम आहे का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. पहिला प्रश्न प्रकृतीचा आहे: या हालचालीने हृदय, फुप्फुसे, स्नायू यांना काही लाभ होतो का? दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे: या हालचालीमुळे मी आज नेहमीपेक्षा किती जास्त ऊर्जा खर्च केली?

प्रकृतीच्या प्रश्नाचे उत्तर उदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, आणि किमान 2 दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. ही हालचाल सलग १० मिनिटे तरी झाली पाहिजे, ही पूर्वीची अट त्या सूचनांत उरलेली नाही. त्यामुळे खुरपणी, नाच, मुलांबरोबरचे क्रिकेट, भरभर चालणे हे सारे त्यात मोजता येते. मध्यम हालचाल ओळखण्याची साधी खूण म्हणजे आपण बोलू शकतो पण गाणे म्हणू शकत नाही. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागले की हालचाल जोरकस समजावी.

हिशेबाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कंजूष आहे, आणि दोन उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. तासभर सावकाश योगासने केल्याने कॅलरी फारशा खर्च होत नाहीत, तरी शरीराला त्यांचा उपयोग होतोच. वहीत लहान आकडा दिसला म्हणून कोणताही आवडीचा छंद सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी पायरी: पाया प्रामाणिकपणे निवडा

कोणतेही अ‍ॅप सुरुवातीला वय, उंची, वजन आणि ‘तुम्ही किती सक्रिय आहात’ असे विचारते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण दोन सेकंदांत देऊन पुढे जातात, आणि सगळी गडबड तिथेच होते. म्हणून या पायरीवर जरा थांबावे.

शरीर नुसते पडून राहिले तरी श्वास, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान यांसाठी ऊर्जा लागते. या मूळ खर्चाला अ‍ॅप एका गुणकाने गुणते आणि येणारा दिवसाचा आकडा म्हणजे आपल्या वहीचा पाया. बैठ्या जीवनासाठी हा गुणक बहुधा १.२ असतो, थोड्या हालचालीसाठी १.३७५ आणि मध्यम हालचालीसाठी १.५५. उदाहरणार्थ, ३५ वर्षांची, १५८ सेंटीमीटर उंचीची, ६० किलो वजनाची स्त्री घेऊ. १९९० पासून प्रचलित असलेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तिचा मूळ खर्च दिवसाला सुमारे १२५० कॅलरी येतो. गुणकाची एक पायरी वर चढली की तिच्या दिवसाच्या हिशेबात सुमारे २२० कॅलरींची भर पडते. म्हणजे ‘थोडी हालचाल’ऐवजी ‘मध्यम हालचाल’ निवडले, तर रोज पाऊण तास भरभर चालण्याइतकी किंवा त्याहूनही थोडी जास्त ऊर्जा तिच्या खात्यात आधीच जमा झालेली असते.

मी नेमकी इथेच चुकले होते. रोज संध्याकाळी चालते म्हणून मी ‘मध्यम’ निवडले आणि तेच चालणे पुन्हा रोज व्यायामाच्या रकान्यातही लिहीत राहिले. दोन महिने वजनाचा काटा जागचा हलला नाही. खाण्याच्या नोंदीत मला काही चूक सापडेना. चूक दुहेरी नोंदीची होती.

मुंबईकरांसाठी यात आणखी एक गोष्ट येते. घरापासून स्टेशनपर्यंतचे चालणे, दादर किंवा कुर्ल्याचे जिने, लोकलमध्ये उभ्याने केलेला प्रवास, लिफ्ट बंद असताना चढलेले मजले ही आपली रोजची हालचाल आहे. ती जरूर मोजावी, पण फक्त पायात, म्हणजे गुणकात. ऑफिसात आठ तास बसणारी पण रोज लोकलने जाऊन-येऊन तासभर चालणारी व्यक्ती ‘थोडी हालचाल’ या गटात बसते. घरून काम करणारी आणि दिवसाला फार तर वाण्याच्या दुकानापर्यंत जाणारी व्यक्ती बैठ्या गटात बसते, मग ती रविवारी कितीही लांब भटकून येत असली तरीही.

भारतीयांसाठी एक चांगला आधार उपलब्ध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या बैठ्या पुरुषाची दिवसाची गरज २११० कॅलरी आणि ५५ किलो वजनाच्या बैठ्या स्त्रीची १६६० कॅलरी धरली आहे. मध्यम श्रमांसाठी हे आकडे अनुक्रमे २७१० आणि २१३० आहेत. अ‍ॅपने दिलेला आकडा या चौकटीपासून फार दूर जात असेल, तर आपण निवडलेला गट पुन्हा तपासावा.

तिसरी पायरी: छंदाची किंमत काढा आणि बसण्याची वजा करा

आता पायात न आलेल्या छंदांकडे येऊ. हालचालीचा जोर मोजण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट, आणि हा खर्च दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी इतका असतो. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते, या लेखात सगळीकडे तोच अर्थ आहे.) अमेरिकेतील संशोधकांनी १९९३ मध्ये वेगवेगळ्या हालचालींचे मेट एकत्र करून एक सूची प्रसिद्ध केली आणि नंतर ती अनेकदा सुधारली. बहुतेक अ‍ॅपमधले आकडे मुळात त्या सूचीतून आलेले असतात.

साधारण अंदाज असे ठेवावेत. विणकाम, भरतकाम, बसून चित्र काढणे यांना दीडच्या आसपास मेट. बसून वाद्य वाजवणे किंवा स्वयंपाक करणे यांना २ ते अडीच. सावकाश फेरफटक्याला ३. भरभर चालण्याला ४ च्या थोडे वर. माती उकरणे, खुरपणे अशा खऱ्या बागकामाला साडेतीन ते साडेचार. टेबल टेनिसला ४. हौशी बॅडमिंटनला साडेपाच. डोंगरवाटा तुडवण्याला ५ ते ६. झारीने कुंड्यांना पाणी घालणे मात्र दीडच्याच घरात राहते. बागकाम म्हणजे काय, हे प्रत्येकाने स्वतःला नीट विचारावे. गॅलरीतल्या दहा कुंड्या आणि गावाकडचे परसू यांना अ‍ॅपमध्ये एकच नाव असते.

यापुढची वजावट फार थोडे लोक करतात. छंदाच्या त्या तासात तुम्ही बसून राहिला असतात तरी शरीराने १ मेट खर्च केलाच असता, आणि तो तुमच्या पायात आधीच मोजलेला आहे. म्हणून मेटमधून १ वजा करावा, उरलेल्याला वजनाने आणि तासांनी गुणावे. ६० किलोच्या व्यक्तीने ४.३ मेटच्या गतीने पाऊण तास चालले, तर अ‍ॅप सुमारे १९४ कॅलरी दाखवेल; वजावटीनंतर ३.३ गुणिले ६० गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे १४९ उरतात. इथे वजावटीने जवळजवळ चौथा हिस्सा जातो. हलक्या छंदांत तर ती जवळपास सगळेच खाऊन टाकते. कुंड्यांना वीस मिनिटे पाणी घातल्याचे ६० किलोच्या व्यक्तीसाठी केवळ १० कॅलरी उरतात. पेटीच्या तासभराच्या रियाजाचे कागदावर ६० उरतात, परंतु तो तास एरवी हातवारे करत गप्पा मारण्यात किंवा स्वयंपाकघरात गेला असता, तर खरा फरक शून्याकडेच झुकतो.

म्हणून मी एक मर्यादा घालून घेतली आहे: वजावटीनंतर १०० कॅलरींपेक्षा कमी उरणारा छंद वहीत लिहायचाच नाही. हा आकडा माझा आहे, कोणत्या संस्थेचा नव्हे. पण खाण्याच्या नोंदीत एवढी चूक सहज होत असते. चहाच्या एका चमच्यात तेल ४५ कॅलरींचे असते आणि फोडणी देताना चमचा कोणी सपाट करून घेत नाही.

चौथी पायरी: घड्याळातला वेळ आणि अंग हललेला वेळ

नवरात्रात बोरिवलीच्या एखाद्या मैदानावर तुम्ही संध्याकाळी साडेसातला गेलात आणि साडेदहाला निघालात. अ‍ॅपमध्ये ‘नृत्य, तीन तास’ असे लिहिले जाते. जोर ५ मेट धरला, तर ६० किलोच्या व्यक्तीला ९०० कॅलरी मिळतात, आणि बाहेर पडताना उभ्याउभ्या खाल्लेले सारे माफ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या तीन तासांत रांग असते, फोटो असतात, पाणी पिणे असते, मैत्रिणींची वाट पाहणे असते. नाचण्यात दीड तास गेला असे धरले आणि बसण्याची वजावट केली, की ४ गुणिले ६० गुणिले १.५ म्हणजे ३६० उरतात. आकडा चांगलाच आहे, वहीत अवश्य लिहावा. फक्त तो ९०० नाही.

सोसायटीच्या बॅडमिंटनमध्ये एक कोर्ट आणि आठ खेळाडू असले, तर निम्मा वेळ कठड्यावर बसण्यात जातो. गल्ली क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभे राहणे हा खेळाचा मोठा भाग असतो. ढोल पथकाच्या सरावातही कमरेला ढोल बांधून वाजवणे दमवणारे असते, पण सूचना ऐकत उभे राहण्याचा वेळ वेगळा काढावा लागतो. सह्याद्रीतल्या ट्रेकला निघताना पहाटेचा लोकलचा प्रवास, पायथ्याचा चहा आणि माथ्यावरचे जेवण बाजूला काढून चालण्याचे तास मोजावेत. त्यामानाने राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत पायी जाणाऱ्याचा हिशेब सोपा असतो, कारण तिथे चालण्याखेरीज फारसे काही करायचे नसते.

पहिले दोन आठवडे आपल्या मुख्य छंदाचा हललेला वेळ प्रत्यक्ष टिपून पाहा. एकदा आपले प्रमाण कळले, की पुढे ते लावत राहिले तरी पुरते.

पाचवी पायरी: रोजचे पायात, हंगामी वेगळे

जो छंद तुम्ही आठवड्यातून चार-पाच दिवस आणि वर्षभर करता, तो पायात टाका आणि वेगळा लिहू नका. पक्षिनिरीक्षण, सरावाचे खेळ, नियमित चालणे हे असे छंद आहेत. जो छंद हंगामी किंवा अधूनमधून होतो, तो पायात अजिबात न धरता त्या-त्या दिवशी लिहा. ढोलाचा सराव गणपतीआधीचे काही आठवडे चालतो, गरबा नऊ रात्री, ट्रेक महिन्यातून एखादा. यांच्या जोरावर वर्षभराचा गुणक वाढवला, तर उरलेल्या महिन्यांत आपण न केलेल्या श्रमांचे जेवतो.

दोन्ही पद्धतींपैकी एकच निवडायची असेल, तर नवख्यांनी पाया बैठा ठेवून सगळे मोठे छंद वेगळे लिहिणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. मात्र मग स्टेशनचे जिने आणि बाजारहाट वेगळे लिहायचा मोह टाळावा. त्यांच्यासाठी पायात थोडी जागा असतेच.

सहावी पायरी: मनगटावरच्या घड्याळाला मर्यादा घाला

घड्याळ पावले आणि नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजते. कॅलरींचे तसे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधण्याची सात यंत्रे ६० स्वयंसेवकांवर तपासली. बहुतेक यंत्रे ठोक्यांच्या बाबतीत चांगली उतरली, पण ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत मागचे ९३ टक्क्यांनी. त्यानंतर यंत्रे सुधारली असली, तरी ठोक्यांवरून कॅलरी काढण्यातली मूळ अडचण राहतेच. मे महिन्याच्या दुपारी, दमट हवेत, चार पिशव्या घेऊन फलाटावर उभे राहिले तरी ठोके वाढतात. त्यात स्नायूंचे काम वाढलेले असतेच असे नाही. घामाचेही तसेच आहे. मुंबईत घाम हा हवेतल्या ओलाव्याचा पुरावा असतो, खर्च झालेल्या कॅलरींचा नव्हे.

घड्याळ आपोआप अ‍ॅपमध्ये आकडे भरत असेल, तर ती जोडणी बंद करावी, नाहीतर हाताने लिहिलेला छंद आणि घड्याळाने पाठवलेला छंद असे दोन्ही वहीत येतात.

सातवी पायरी: मिळालेल्यापैकी निम्मेच खा

वजन कमी करायचे असेल, तर वजावटीनंतर उरलेल्या कॅलरींपैकी साधारण निम्म्या खाण्यासाठी मोकळ्या धराव्यात. हा नियम अनुभवाचा आहे, तरी त्यामागे कारण आहे. जेम्स लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. कोणाच्या अंगावर अर्ध्या किलोपेक्षा कमी चरबी चढली, तर कोणाच्या चार किलोंहून जास्त. आणि हा फरक मुख्यतः व्यायामाव्यतिरिक्तच्या लहानसहान हालचालींतून आला होता. उठबस, येरझाऱ्या, अस्वस्थपणे पाय हलवणे यांना इतके महत्त्व असते. म्हणून सकाळच्या ट्रेकनंतर दुपारभर पलंगावर पडून राहिले, तर ट्रेकच्या जमेतून थोडे परत जाते, आणि ते कोणतेही अ‍ॅप वजा करत नाही.

चालून आल्यावर खाल्लेल्या एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. पाऊण तासाच्या चालण्यातून उरलेल्या १४९ त्याच्या निम्म्या आहेत. मी वडापाव खाते, आणि त्या दिवशी तो जेवणाच्या बाजूला लिहिते. चालण्याशी त्याची वजाबाकी करत नाही. छंदाला खाण्याची किंमत चुकवण्याचे साधन केले की छंदातला आनंद आटतो, हे मी माझ्या बाबतीत आणि इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे.

आठवी पायरी: चार आठवड्यांनी काट्याला विचारा

इथवरचे सारे आकडे अंदाजाचे आहेत, आणि त्यांचा निवाडा वजनाचा काटाच करतो. रोज सकाळी, काही खाण्यापूर्वी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाचे वजन मीठ, पाणी, पोट साफ होणे, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी यांनी सहज किलोभर वरखाली होते, म्हणून त्याकडे लक्ष देऊ नये.

एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. समजा, तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही रोज ३०० कॅलरी कमी खात आहात. २८ दिवसांत ८४०० कॅलरींची तूट होते आणि साधारण १.१ किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात अर्धा किलोच उतरले, तर वही रोज सुमारे १६५ कॅलरींनी चुकते आहे. चूक शोधताना आधी छंदांचा रकाना पूर्ण रिकामा ठेवून आणखी चार आठवडे पाहावे. वजन अपेक्षेप्रमाणे उतरू लागले, तर छंदांना जास्त दाम दिले जात होते. तरीही फरक राहिला, तर तेल, साखर आणि जाता-येता तोंडात टाकलेला खाऊ तपासावा. उलट वजन अपेक्षेपेक्षा भराभर उतरत असेल, थकवा जाणवत असेल, झोप बिघडली असेल, तर तुम्ही छंदांना फार कमी मोजत आहात. निम्म्याऐवजी सगळे खा.

हा पडताळा ऋतू बदलला की पुन्हा करावा लागतो. जूनमध्ये पाऊस लागला, मैदानात चिखल झाला आणि संध्याकाळच्या फेऱ्या बंद पडल्या, की त्याच आठवड्यात अ‍ॅपमध्ये जाऊन गुणक एक पायरी खाली आणा. ऑक्टोबरमध्ये फेऱ्या पुन्हा सुरू होतील, तेव्हा तो वर नेता येईल.